परतीचा रकाना

"दहा बावन्न," नाना म्हणाले, आणि मगच जयभीम.

मी अजून गाडीतून पुरती उतरलेही नव्हते. माझे सासरे नानासाहेब शेतातल्या घराच्या ओट्यावर खुर्चीत बसून आमच्या गाडीचा नंबर लिहीत होते. सहा वर्षं हीच गाडी आहे, नंबर त्यांना पाठ आहे. तरी दर वेळी मान वाकवून पाटी वाचल्याशिवाय पेन टेकवत नाहीत.

"साडेधा म्हनला होतास," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "बावीस मिनिटं लेट. कारण?"

"तुळजापुरात चहा घेतला, नाना," प्रसेनजित म्हणाला.

शेऱ्याच्या रकान्यात नानांनी लिहिलं : चहा.

कळंबच्या बसस्टँडवर सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक राहिलेला माणूस निवृत्त होऊन करणार काय? कुणी झाडं लावतं, कुणी गावच्या राजकारणात पडतं. नानांनी बेंबळीजवळच्या आपल्या तीन एकरांत घर बांधलं आणि रजिस्टर सुरू केलं. नाव, कुठे, गेल्याची वेळ, परतल्याची वेळ, शेरा. पाहुणे हसत येतात आणि स्वतःचा शेरा वाचून तोंड पाडून जातात. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या भेटीपुढे 'बोलते बरी, ऐकते कमी' असं आहे. मी ते वाचलंय, हे त्यांना ठाऊक आहे. खोडलेलं मात्र नाही. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

सासूबाई म्हणायच्या, "म्या काय यष्टी हाय का, टाइम लिव्हायला?" पण विहिरीवरून कढीपत्ता आणायला निघाल्या तरी उंबऱ्यातून "निघाले ओ" म्हणायच्या, आणि परतल्यावर अंगणातून "आले ओ". त्या दोघांमध्ये दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं आणि तेवढं पुरायचं.

गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी त्या "निघाले ओ" म्हणाल्या. नानांनी वेळ टिपली. मग ते उरलेल्या कोऱ्या पानांवर रेघा मारत बसले. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून मान वर केली नाही. लक्षात आलं तेव्हा सव्वासहा झाले होते. कढीपत्त्याच्या झाडाखाली सापडल्या. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, जागेवरच गेल्या असतील. नानांनी त्यातलं 'असतील' तेवढं ऐकलं.

त्याला अकरा महिने झाले. आज आम्ही हुरडा खायला आलो होतो, असं गावाला सांगायचं. खरं तर नानांना सोलापूरला न्यायला आलो होतो. फोनवर ते "बघू" म्हणाले होते. या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो, ते मला पंधरा वर्षांत पुरतं कळलंय.

हुरडा भाजायला शेजारचा बलभीम आला होता. शेत आता तोच बटईनं करतो. कणसं चोळता चोळता तो हळूच म्हणाला, "घिऊनच जावा, वहिनी. पाच वाजले की खुर्ची इहिरीकडं तोंड करून मांडतेत अन् वही उघडून बसतेत. आंधार पडस्तोवर. म्या तर पाचच्या पुढं तिकडं मोटर बंद करायलासुदिक जात न्हाय."

"तुला कुणी दिसलंय का तिकडं?"

"दिसलं न्हाय. पर वाट बघत बसल्यालं मानूस दिसतंय नव्हं? ते काय कमी हाय?"

जेवण झाल्यावर प्रसेनजितनं विषय काढलाच. "बॅग भरू का, नाना?"

"गाडी बाहेर हाय," नाना शांतपणे म्हणाले. "गाडी बाहेर असली की कंट्रोलरनं खुर्ची सोडायची नसती."

"कुठली गाडी?"

नानांनी रजिस्टर मागं उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सुमन. विहीर. गेली ५.१०. पुढचा रकाना कोरा.

"नाना, आईला त्याच दिवशी आणलं होतं आपण घरी. मी स्वतः उचललं होतं."

"आनली," नाना म्हणाले. "आली न्हाय."

प्रसेनजित उठला आणि बलभीमला घेऊन बांधाकडे निघून गेला. रडायचं असलं की तो नेहमी शेत बघायला जातो.

पाच वाजले. नानांनी खुर्ची आत, विहिरीकडच्या खिडकीशी नेली. मला बसवेना. म्हटलं, "कढीपत्ता घेऊन येते थोडा. चटणीला होईल."

माझ्या सँडलच्या टाचा ढेकळांत रुतल्या असत्या. दाराशी सासूबाईंच्या निळ्या रबरी चपला होत्या, एका पट्ट्याला तार बांधलेल्या. त्याच घातल्या. "निघाले नाना," म्हटलं. नानांनी लिहिलं.

विहिरीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्यावर गेलेली. मी चार डहाळ्या तोडल्या आणि वळले. चपला टाचांवर चट् चट् वाजत होत्या. थोड्या वेळानं वाटलं, आवाज दोन चपलांचा नाही, चार चपलांचा येतोय. थांबले. आवाज थांबला. चालले. पुन्हा चार. मी कुणाला भिणारी नाही. पण त्या वाटेवर मी मागं वळून पाहिलं नाही, हेही खरं. अंगण दिसलं तसा जीव भांड्यात पडला, आणि धापा टाकत तोंडातून निघून गेलं,

"आले ओ!"

आत खुर्ची करकरली. मग पानं उलटल्याचा आवाज. एक पान नाही, बरीच पानं, भराभर.

मी दारात पोचले तेव्हा नाना लिहून झालेलं पेन कागदावरून उचलत होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. किती वेळ पाहिलं, ते सांगता येणार नाही. घड्याळ मी पाहिलं नाही आणि त्यांनीही नाही.

"तू व्हय," ते म्हणाले.

सुमनच्या ओळीतला कोरा रकाना भरला होता. ५.२०. शाई ओली होती.

"चुकलं, नाना. मी उगाच... खोडा ना ते."

"खाडाखोड न्हाय," नाना म्हणाले. त्यांनी शाईवर फुंकर घातली, पान वाळू दिलं आणि चष्मा पुसला. मग सरळ उठले. "माझं धोतर न् गोळ्यांचा डबा तेवढा घे. बाकी काय न्हाय लागत."

प्रसेनजित परतला तेव्हा नाना टोपी घालून ओट्यावर उभे होते. "काय सांगितलंस तू त्यांना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही."

निघताना नानांनी शेवटची ओळ लिहिली. नानासाहेब. सोलापूर. गेले ५.४५. मग रजिस्टर माझ्या हातात देऊन ते दाराला कुलूप लावायला वळले. पानावर त्यांच्या ओळीच्या वर माझी ओळ होती. वृषाली. विहीर. गेली ५.०५. पुढचा रकाना कोरा. माझी वेळ सासूबाईंच्या ओळीत खर्ची पडली होती.

पेन वहीतच होतं. दोन आकडे लिहायचे, बस. पण पाच वीस ही वेळ एकच होती, आणि ती इथं लिहिली असती तर तिथली खोटी पडली असती. मी वही मिटली. नानांनी ती ओट्यावरच्या खिळ्याला अडकवली आणि किल्ली बलभीमच्या हातावर ठेवली.

गाडी विहिरीवरून गेली तेव्हा नाना समोर बघत होते. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची मान तिकडे वळली नाही. वळली ती माझी. निळ्या चपला अजून माझ्या पायातच होत्या, आणि वहीप्रमाणे मी अजून विहिरीवरच होते.