पोखर्णीकरांचं देवक

दिनकरच्या नवरीचा शालू हैदराबादहून आणायचा, हे खूळ काढलं शिवरुद्रानं. त्याचा मामा तिकडं पत्थरगट्टीत कापडाच्या दुकानात बसायचा. ताडकळसच्या पेठेत बाप किराणा विकतो अन् पोरगा गप्पा, असं शिवरुद्राबद्दल लोक म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. त्यानं दिनकरच्या वडलांना, माणिकरावांना, असं काही घोळात घेतलं की म्हातारा म्हणाला, "जावा बाबा. बाकीचा बस्ता परभणीत बांधू. शालू तेवढा तिकडचा. अन् चंद्रभानला संग न्या, त्याला कापडातलं कळतंय."

चंद्रभानला कापडातलं काही कळत नव्हतं. पण तो गरीब स्वभावाचा, आणि गरीब स्वभावाच्या माणसाला सगळं कळतं असं गाव धरूनच चालतं. त्याला जायचं नव्हतं. पण दिनकर त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. शाळेच्या वाटेवर दिनकरचा लंगडा पाय चिखलात रुतला की चंद्रभाननंच पाठीवर घ्यायचं. अशा दोस्ताच्या शालूला नाही म्हणायचं, तर तोंड कोणतं दाखवायचं?

आणि नाही म्हणायचं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. नवरी पोखर्णीची होती. कस्तुरा. सूर्यभान पाटलाची पोरगी.

चंद्रभान आणि कस्तुरा परभणीच्या कॉलेजात एका वर्गात होते. बोलणं फार नव्हतं. त्या काळी पोरीशी दोन शब्द बोललं तरी चौघांच्या माना वळायच्या. पण तिची गंगाखेडची एसटी येईपर्यंत हा आपली एसटी सोडून द्यायचा. ती रुमालातले फुटाणे निम्मे स्टँडवरच्या बाकड्यावर ठेवायची, हा उचलायचा. शनिवारी हा पठ्ठ्या नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला जायचा. नरसिंहाला सगळं ठाऊक असणार, पण तो बिचारा काही बोलला नाही. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला, कॉलेज बंद पडलं, एसट्या बंद पडल्या. घरी बसून बसून चंद्रभानला राहवेना, तेव्हा त्यानं आपल्या चुलतीला, कडूबाईला, हसत हसत विचारलं, "काकू, पोखर्णीच्या पाटलाची सोयरीक आपल्याला कशी हाय?"

कडूबाई निवडायच्या तांदळावरून मान न उचलता म्हणाली, "कशाची सोयरीक रे! त्यांचं आपलं देवक एकच. कळंब. त्या पोरीच्या मायच्या लग्नात मी सोत्ता मांडवात बघितलाय कळंबाचा डहाळा."

झालं. देवक म्हणजे घराण्याची खूण. कुणाचं कळंबाचं झाड, कुणाचं मोराचं पीस, कुणाची पाच पालवी. लग्नाआधी मांडवात ती बसवतात, तिची पूजा करतात. आणि दोन घरांचं देवक एक निघालं, की त्या घरांतली पोरं भाऊबहीण. आडनाव वेगळं असो, गाव वेगळं असो, भाऊबहीण ते भाऊबहीण.

चंद्रभान त्या दिवशी जेवला नाही. आपण बहिणीवर नजर ठेवली, ह्या विचारानं त्याला कानकोंडं झालं. आणखी कुणाला विचारावं तर लोक म्हणतील, तुला रं कशाला पंचायत? एसट्या सुरू झाल्या तसं तिच्या बाकड्याकडं जाणं त्यानं बंद केलं. ती एकदा समोरून आली, थांबली, तर हा मान खाली घालून निघून गेला. का, ते सांगितलं नाही. सांगणार काय, की तू माझी बहीण आहेस? तीन वर्षं त्यानं आतल्या आत काढली. आणि आता दिनकरची सोयरीक तिच्याशी ठरली तेव्हा, आपल्या नशिबात नव्हतीच, दोस्ताच्या घरी तरी सुखात राहील, असं म्हणून त्यानं मनाला गप्प बसवलं.

पूर्णेहून गाडीत बसले. शिवरुद्रानं डबा उघडला, दशम्या आणि शेंगाची चटणी काढली, आणि हैदराबादेत काय काय करायचं ते असं सांगायला लागला की समोरच्या बाकावरचे लोकही ऐकायला लागले. दिनकर खिडकीशी. लग्नाच्या नुसत्या नावानं त्याचा चेहरा उजळला होता. "लेका शिवऱ्या, हळू बोल," तो म्हणायचा, आणि पुन्हा स्वतःच विचारायचा, "अन् मग पुढं काय?"

मामाच्या घरी आंघोळी उरकून तिघं शहर बघायला निघाले. चारमिनार बघून दिनकर रस्त्याच्या मधोमध उभाच राहिला, मागून रिक्षावाला ओरडला, "अरे मियाँ, ससुराल है क्या, हटो!" तिघंही पोट धरून हसले. संग्रहालयातल्या घड्याळातला छोटा माणूस टोला द्यायला बाहेर येतो, ते बघायला एवढी गर्दी होती की शिवरुद्र म्हणाला, "आमच्या दुकानात एवढी माणसं आली असती तर बापानं पेढे वाटले असते." मग इराण्याच्या हॉटेलात चहा. शिवरुद्र गळ्यात लिंग बांधलेला, अंडं-मटण शिवायचं नाही. त्यानं बिस्किटात अंडं आहे का म्हणून इतक्यांदा विचारलं की पोऱ्या वैतागला. "अंडा नै, हजरत, खालिस मस्का है, खाव!" दिनकर आणि चंद्रभाननी बिर्याणी मागवली. शिवरुद्र तोंड फिरवून बसला आणि वासावरून शिव्या देत राहिला. चंद्रभान पोटभर जेवला. खरं सांगायचं तर त्याला त्या दिवशी बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

लाडबाजारात दिनकरनं लाखेच्या बांगड्या घेतल्या. मापाला बांगडी कुठं होती? चंद्रभाननं न सांगता एक जोड बाजूला सारली, म्हणाला, "ह्या घे, बसतील." दिनकरनं विचारलंसुद्धा नाही तुला कसं माहीत म्हणून. एवढा विश्वास.

तिथून निघाले तर मशिदीच्या अंगाला एक म्हातारा मोरपिसं विकत बसला होता. दिनकर थांबला. "आयला, विसरतच होतो. सासऱ्यानी सांगितलंय, चांगली पिसं भेटली तर आणा. त्यांच्या घरची कसरीनं खाल्ली."

"पिसं कशाला?" चंद्रभाननं सहज विचारलं.

"देवकाला, अजून कशाला! पोखर्णीकरांचं देवक मोराचं पीस हाय न्हवं."

चंद्रभान हसला. "कळंब हाय त्यांचं."

"कळंब तिच्या मायच्या म्हायेरचं. मायचं लग्न म्हायेरच्या मांडवात झालं, तितं कळंब बसला आसंल. आमच्या म्हातारीनं समदं इचारून घेतलंय बाबा. देवक इचारल्याबिगर कुनी सोयरीक करतं व्हय?"

म्हातारा पिसं मोजून देत होता. दिनकर घासाघीस करत होता. चंद्रभानच्या कानात काहीच शिरेना. कडूबाईनं बघितला होता तो डहाळा खराच होता. पण तो पोरीच्या आजोळचा. पोरीला देवक बापाचं लागतं, हे शेंबड्या पोराला कळतं. कडूबाईनं घाई केली, आणि त्यानं तिच्या एका वाक्यावर आपला जन्म ठेवून दिला. ती बहीण नव्हती. कधीच नव्हती. पोखर्णीला जाऊन एक शब्द विचारला असता तर आज हा शालू त्याच्या घरचा असता.

"धर," दिनकर म्हणाला, आणि पिसांची जुडी त्याच्या हातात दिली. "तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडनं मोडतील."

सकाळी गोवळकोंड्याला गेले. रात्रभर चंद्रभानच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि एक गोष्ट त्यानं पक्की केली होती: दिनकरला सांगायचं. आजच. शालू निवडला, त्याला कुंकू लागलं, की संपलं. कुंकू लागलेलं लग्न मोडलं तर पोरीच्या नावाला कायमचा बट्टा. त्याच्या आधी सांगायचं. दिनकर काही परका नाही. तो रागावेल, रडेल, पण ऐकेल.

किल्ल्याच्या दरवाजात टाळी वाजवली की वर टोकावर ऐकू येते. दिनकरला एवढं चढवत नव्हतं. "तुमी जावा वर, मी टाळ्या वाजवतो," तो म्हणाला. शिवरुद्र आणि चंद्रभान वर गेले. वरून दिनकर दिसतही नव्हता, पण टाळी आली. एक, मग दुसरी, मग तालात. शिवरुद्र वरून बोंबलला, "आलं रे आलं, नवरदेव!" आणि मग चंद्रभानच्या चेहऱ्याकडं बघून गप्प झाला. त्याचं तोंड एरवी बंद पडत नसे. "चंद्या," तो हळूच म्हणाला, "तू शनवारी पोखर्णीला जायचास ते नरसिंहासाठी न्हवतं, व्हय ना?"

चंद्रभाननं नुसती मान डोलावली. खालून टाळ्या चालूच होत्या.

"सांगणार हाईस?"

"सांगणार हाय."

शिवरुद्र तटाला टेकून बसला. त्याला मागं ठेवून चंद्रभान एकटाच खाली उतरला. दिनकर दगडावर बसला होता, हात लाल झाले होते. "ऐकू आली?" त्यानं लहान पोरासारखं विचारलं.

"आली. दिनकर, तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक. आता शिवऱ्या न्हाई तवर सांगतो, तो टिंगल करंल." दिनकरनं लंगडा पाय सरळ केला, हातानं उचलून. "सहा ठिकानी बघितलं मला. सहाही पोरींनी पाय बघितला अन् आत गेल्या. एकीची माय म्हनाली, मोत्याच्या माळेत फुटका मणी कुठं ओवायचा. म्या घरी सांगितलं, आता बास, मला लगीनच करायचं न्हाई. विहिरीकडंबी जाऊन बसलो होतो एकदा, तुला सांगितलं न्हाई. मग ही. हिनं पायाकडं बघितलं, मंग तोंडाकडं बघितलं, अन् हो म्हनली. चंद्या, मला अजून खरं वाटंना." त्याचे डोळे भरून आले, आणि तो हसत होता. "हां, बोल. तुझं काय?"

चंद्रभानच्या मनात आलं, देवा, काय बोलू आता? हा माणूस विहिरीच्या काठावरून माघारी आलाय, आणि मी त्याला पुन्हा तिकडं ढकलू?

"काय न्हाई," तो म्हणाला. "टाळी लय भारी आली."

दुपारी मामाच्या दुकानात गादीवर शालूंचा ढीग पडला. दिनकर गोंधळला, शिवरुद्र ह्याला त्याला नावं ठेवत बसला. चंद्रभाननं ढिगात हात घातला आणि डाळिंबी रंगाचा, बारीक बुट्ट्यांचा एक शालू वर काढला. कुणाला कोणता रंग आवडतो हे बाकड्यावर फुटाणे खाता खाता कळतं. मामा म्हणाले, "कुंकू कोण लावतंय?" दिनकर म्हणाला, "हाच लावंल. ह्याच्याबिगर कोन?" चंद्रभाननं बोट कुंकवात बुडवलं आणि शालूच्या घडीला लावलं. शिवरुद्र तेवढ्यात उठून पाणी प्यायला गेला.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पोरानं एवढं केलं होतं, दगडासारखं काळीज करून केलं होतं. पण शालू गेला माणिकरावांच्या घरात, आणि पिसं राहिली. नवरदेवानं लग्नाआधी सासुरवाडीला जायचं नसतं, तेव्हा ती पोखर्णीला पोचवायला पुन्हा चंद्रभानच.

सूर्यभान पाटील ओसरीवर बसले होते. म्हातारे थकले होते, छातीत कफ वाजत होता. पिसं उजेडात धरून बघितली, खूश झाले. पाणी-बिणी विचारलं. मग म्हणाले, "तू कडूबाईचा पुतण्या ना? एक बोलू का? आता बोलून उपेग न्हाई, पण बोलतो. पोरगी कॉलेजात होती तवा तुझं नाव यायचं तिच्या तोंडात. म्या वाट बघितली बाबा. पोरीकडच्यानं आपून होऊन कसं जावं? म्हनलं, तुमच्याकडून कुनीतरी इचारायला येईल. आलंच न्हाई." ते खोकले. "असूं दे. दिनकरबी गुणाचा हाय." आणि पिसं देवघरात ठेवायला आत गेले.

कस्तुरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यासमोर बसला होता. "घ्या, भावजी," ती म्हणाली. आवाज सरळ होता, थंड होता. नवऱ्याच्या दोस्ताला म्हणतात तसा. तिला त्याचा राग होता, आणि तो राग तिनं नीट सांभाळून ठेवला होता, हे त्याला दिसलं.

तो राग त्याला सोसवला नाही. बास, एवढंच झालं. दिनकरसमोर जे तोंडात दाबून धरलं, ते इथं सुटलं.

"कस्तुरा, मला वाटलं आपलं देवक एक हाय. कळंब. काकू म्हनली. म्हनून मी बोलनं तोडलं. हैदराबादेत पिसं घेताना कळालं."

ती उभीच राहिली. आधी तिला अर्थ लागला नाही. मग लागला. तिनं खांबाला हात लावला.

"म्हनून?" ती म्हणाली. "तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

"मला वाटलं माझ्यातच काय खोट हाय. तीन वर्षं मला तेच वाटलं. दादा खाटंवर पडले, म्हनले पोरी आता तरी हो म्हन. तवा मी म्हनलं, ज्याला मी नको झाले त्याच्यासाठी कशाला बसून राहू. त्या रागावर मी हो म्हनले." तिचा आवाज फुटला, तिनं पदर तोंडाशी धरला. "मला इचारायचं की. ह्या अंगणात यिऊन, तुमचं देवक काय, एवढंच इचारायचं. लहान लेकरानंबी सांगितलं असतं."

"चुकलं माझं."

आतून पाटलांनी हाक मारली, चहा झाला का म्हणून. "टाकायलेय, दादा," तिनं पदराआडून उत्तर दिलं, आणि ते उत्तर इतकं नेहमीसारखं निघालं की चंद्रभानला रडू आलं.

ती जायला वळली. दारात थांबली. त्याच्याकडं बघितलं, आणि आता त्या डोळ्यांत राग नव्हता. राग होता तोवर त्याच्याच आधारानं ती उभी होती.

"आठ दिसांवर लगीन हाय," ती म्हणाली. "दिनकरला म्या शबुद दिलाय. रागात का व्हईना, दिलाय. तो मी मोडणार न्हाई. हे तुमाला म्हाईत व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग आता कामून सांगितलं?"

चंद्रभाननं तेव्हासारखीच मान खाली घातली. ती आत गेली, आणि तिनं चुलीवर चहाचं आधण चढवलं.