माझी खांदमळणी

मित्रांनो, भिंतीला चिकटलेलं हे कपाट उघडायला कोणी जाऊ नका. ते कपाट नव्हे, ती मी! मी एक जुनी सरकती गॅलरी आहे. माझ्या आठ पायऱ्या एकीच्या पोटात दुसरी अशा दडलेल्या असतात. ओढल्या की खणासारख्या बाहेर येतात, आणि मोताळ्याकडच्या या शाळेच्या सभागृहात दोनशे माणसांची बसायची सोय होते. खेळ संपला की लोटायचं. सभागृह पुन्हा मोकळं.

माझी हाडं पोलादाची, चाकं रबराची. मला घडवणाऱ्या मिस्त्रीने पाठीवर थाप मारली होती, "नीट वागवलं तर पंचवीस वर्षं तुला मरण नाही." त्याला आता सतरा वर्षं झाली.

पहिल्या सामन्याला माझ्यावर इतकी गर्दी झाली, की त्या दिवशी मोताळ्याचा बाजारच भरला नाही. पटत नाही? राहू द्या. पण लोक गेल्यावर माझ्या पोटात अकरा चपला, एक कवळी आणि अंड्यावर बसलेली एक कोंबडी सापडली, हे मात्र अगदी खरं. कवळी न्यायला कोणी आलं नाही. कोंबडी शेवटपर्यंत सामना बघून गेली.

मग कौतुक सरलं. माझ्या फळ्यांखाली च्युइंगम चिकटू लागलं, बोल्ट ढिले झाले. रखवालदार पुंजाजी मला उघडत ते एकटेच, उजव्या कोपऱ्याला धरून. मी कुरकुरत असे. लोक म्हणत, म्हातारी झाली.

यंदा उन्हाळ्यात पुंजाजींनी घरची बैलजोडी विकली. शेत ट्रॅक्टरने नांगरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे असतात. गोठा रिकामा, आणि हात तर सवयीचे. संध्याकाळी ते वाटी घेऊन माझ्याकडे आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

झाडलोट करणाऱ्या गीताबाईंनी पाहिलं. "काय करून राह्यले, पुंजाजीभाऊ?"

"खांद मळून राह्यलो. सतरा वर्सं झाले वढून राह्यली बिचारी."

"अव माय! तिले खांद कुठं हाये? चाकं हायेत!"

"मंग चाकं मळतो."

लोणी डाव्या बाजूच्या चाकांनाच पुरलं. उरलेल्या हळदीचं बोट त्यांनी माझ्या पहिल्या फळीला लावलं आणि बैलांच्या कानात सांगतात तसं हळूच सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला जेवायला कोणी बोलावलं नव्हतं. माझे ढिले बोल्टसुद्धा गहिवरले.

पण लोणी ते लोणीच. दोन दिवसांत त्यावर धूळ बसली, मुंग्या आल्या, चाकांना घट्ट राप चढला. तिसऱ्या दिवशी मुलींची कबड्डी होती. संस्थेचे अविनाश साहेब आधीच तपासायला आले. पुंजाजींनी नेहमीचा कोपरा ओढला. उजवी बाजू पुढे आली, डावी जागची हलेना. मी तिरकी होऊन अडकले.

"हळदीचा वास कुठून येतोय?" साहेबांनी विचारलं.

पुंजाजी छताकडे बघू लागले.

"चार वाजेपर्यंत उघडली नाही, तर मी निकामी म्हणून लिहितो. उद्या भंगारवाला येईल."

साहेब गेले. पुंजाजी खाली बसले. "माह्यामुळंच झालं, बाई. बैल गेले, आता हेबी जाते."

"रडता काय? बालदी आना." गीताबाई बॅटरी घेऊन माझ्या पोटात शिरल्या. "मुंग्यायची तं पंगत बसली हो इथं!" दोघांनी साबणाच्या कोमट पाण्याने एकेक चाक पुसलं, कोरडं केलं. पाना घेऊन बोल्ट आवळले. मग पुंजाजी पुन्हा त्याच कोपऱ्याकडे निघाले.

गीताबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काऊन हो भाऊ, जोडीतला एकच बैल वढत होते का तुमी? खांद मळली, मंग जू बी दोन्हीकून धरा ना!"

पुंजाजी थबकले. त्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सतरा वर्षांची माझी कुरकुर त्यांना आत्ता कुठे कळली. ते डाव्या टोकाला गेले, गीताबाई उजव्या. पुंजाजींच्या तोंडातून आपसूक बैलांना घालायची जुनी हाक निघाली, "हां... चाल रे राजा!" दोघांनी पावलाला पाऊल लावून ओढलं, आणि मी सरळ उघडले. आवाज नाही, कुरकुर नाही.

चार वाजता साहेब माझी प्रत्येक पायरी चढले, नाचून पाहिलं, आणि पेन खिशात ठेवून पहिल्या फळीवर बसले. उठले तेव्हा पांढऱ्या पँटीवर पिवळं बोट उमटलं होतं. त्यांना ते अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

त्या दिवशी दोनशे माणसं माझ्यावर बसली आणि मुलींच्या प्रत्येक चढाईला ओरडली. जेवायला या म्हणाले होते ना पुंजाजी? दोन दिवस उशिरा का होईना, मी पोटभर जेवले.

म्हणून, मित्रांनो, पंगत मोडू नका. मला ओढताना दोघांनी दोन्हीकडून धरा, माझ्या पोटाखालचं झाडून घ्या, च्युइंगम कागदात गुंडाळा. आणि लोण्याची वाटी आणलीच, तर ती गीताबाईंच्या हाती द्या. त्या म्हणतात, पुढच्या पोळ्याला लोणी भाकरीवर आणि हळद फळीवर.