हर्रासातला हात

भाजी बाजारातल्या हर्रासातली माझी जागा गेली. असं काही झालेलंच नाही, असं समजून पुढं वाचा. मी पण तसंच समजून रोज पहाटे आदिलाबादच्या त्या बाजारात जाऊन राह्यलो.

गुडीहत्नूरला आमचं भाजीचं दुकान आहे. माल हर्रासातून, म्हणजे लिलावातून, येतो. तिथं तोंडाला किंमत नाही. अडते बाबाराव भाव चढवत जातात, ज्याला माल पाहिजे त्यानं हात वर धरून ठेवायचा. हात खाली आला की माणूस बाद. शेवटी एकच हात उरतो, माल त्याचा.

माझा उजवा हात वर केला की आधी करंगळीत मुंग्या यायच्या, मग हात आहे की नाही तेच कळायचं नाही. एकदा टमाट्याच्या ढिगापुढं मी रुबाबात उभा होतो, आणि बाबारावांनी माल माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भिवाजीला दिला.

"काका, माझा हात वर हाय ना."

"तू वर हायेस," बाबाराव म्हणाले. "हात कवाच खाली आला."

पाहिलं तर खरंच. हात मला न विचारता मांडीजवळ लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून तो वर ठेवला. ढीग कारल्यांचा होता. एकेक करून हात खाली आले, भिवाजीचाही आला. तरी बाबाराव भाव चढवतच होते. मला त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा राग आला. कारल्यासाठी इतका हट्ट कोण करतं?

"काका, दुसरा कोण हाय?"

"तूच. दोन हात दिसून राह्यले. एक खाली घे, मंग भाव थांबते."

डावा काढला तर उजवा पडणार, म्हणजे आम्ही दोघंही बाद. हा विचार होईपर्यंत भाव आणखी चढला.

घरी कारली पाहून सुनयना काही बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा दवाखान्यातच जावं लागतं.

डॉक्टरांनी फोटो काढला. मानेशी एक फासळी जास्तीची निघाली. हाताकडं जाणाऱ्या नसा तिच्यापाशी दबत होत्या. आजाराचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. आधी व्यायाम, हनुवटी मागं, खांदे मागं. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार. तोवर ओझं नाही, हात वर नाही. हे त्यांनी आधी तेलुगूत सांगितलं, मग हिंदीत. भाषा बदलली की थोडी सूट मिळेल असं मला वाटलं होतं.

"जास्तीची?" आई, म्हणजे रेणुकाबाई, म्हणाली. "आपल्यात कोणालेच नाई. दुसऱ्याची असंल, वापस करून ये."

"आणि जास्त असून ताकद कमी काऊन?" सुनयनानं विचारलं.

बाजाराचा एक कायदा आहे: आपला नसला तर हात घरच्या कोणाचाही चालतो. म्हणून सुनयना माझ्या जागेवर उभी राहिली, मी बाजूला हनुवटी मागं घेऊन. ठरलं असं, की मी खोकलो की तिनं हात खाली घ्यायचा. पहिल्याच दिवशी भेंडीला मी खोकलो. हात वरच. पुन्हा खोकलो. भिवाजीनं मला पाणी आणून दिलं आणि तेवढ्यात त्याचा हात खाली आला. भेंडी आमची झाली, तीही स्वस्तात.

व्यायामानं मुंग्या कमी झाल्या. बोटांत पकड आली. हात थोडा वेळ वर राहायला लागला. मी बाबारावांना तसं सांगितलं.

"जागा हाताची असते बाबू, माणसाची नाई," ते म्हणाले. "आता थ्या जागेवर सूनबाईचा हात हाय."

मी सुनयनाकडं पाहिलं. ती वांगी पाहत होती. मला वाईट वाटलं की बरं, हे अजून नक्की होत नाही. म्हणून बाजार समितीला अर्ज दिला आहे:

'सदर इसमाचा उजवा हात खांद्याच्या वर टिकण्यास पूर्ण लायक होईपर्यंत, सर्व खरेदीदारांनी आपापले हात खांद्याच्या खाली ठेवूनच हर्रास बोलावा, तसेच सौ. सुनयना यांनी ढिगावरची नजर काढून दर हर्रासात किमान एकदा अर्जदाराकडं पाहावं, असा हुकूम व्हावा, ही विनंती.'