मगातली आई

वैशाखाची दुपार कलली. कराडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेचं पिवळंधमक ऊन काचेच्या टाकीत उतरलं आणि पाणी सुवर्णमय झालं. त्या सुवर्णजळात वाळू, वाळूवर नारळाची करवंटी, आणि करवंटीच्या दाराशी सिक्लिड माशांची चाळीस पिल्लं: धूसर, चंचल, मोहरीएवढी. त्यांच्यावर जांभळ्या पोटाची माता तरंगत होती. बाप जरा पुढे, पहाऱ्याला.

टाकी मिश्र होती. वर पिल्लांवर टपलेले सहा पट्टेरी बार्ब मासे फिरत होते, आणि याआधी दोन वेळा अख्खा वंश एका रात्रीत नाहीसा झाला होता. म्हणून चित्रकलेचे निवृत्त शिक्षक भालचंद्र सावळेकर सकाळपासून स्टुलावरून हलले नव्हते. ही पिल्लं त्यांना जगवायचीच होती. शाळा सुटल्यापासून त्यांची कुणाला गरज उरली नव्हती. आता उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळताना त्यांना पुन्हा कामाला आल्यासारखं वाटे.

ऊन तांबूस झालं. बार्ब खाली उतरले. बाप धावला, कल्ले फुलवून, रंग पेटवून. आणि त्या धांदलीत काही पिल्लं कळपातून फुटली. माता झेपावली. तिनं तोंड उघडलं, एक पिल्लू नाहीसं झालं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं.

"कुंपणच शेत खातंय," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी जाळी उचलली. पत्नी शरयूबाई दारातून थांबा म्हणाल्या; पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. क्षणात माता प्लास्टिकच्या मगात होती.

टाकीत बाप एकटा पडला. डावीकडे धावावं तर उजवीकडून बार्ब, उजवीकडे वळावं तर डावीकडून. एक पिल्लू गेलं. आणखी एक गेलं.

शरयूबाईंनी तो मग खिडकीशी धरला. "अहो, हिचे गाल बघा. भरलेत."

मातेनं तोंड उघडलं. एक ठिपका बाहेर आला, वळवळला, पोहू लागला. मग दुसरा. पाच आले. पाचही जिवंत.

"वाट चुकलेली उचलत होती गं ती," मास्तर म्हणाले, "आणि मी आईलाच उचललं." त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी तो मग टाकीच्या पाण्यात बुडवून आडवा धरला. समोर मोकळं पाणी, रणात एकाकी जोडीदार. ती निघेना. बार्ब जवळ आले, तरी निघेना. ती मगातच वळली आणि पाचांना वेचू लागली: एकेक, एकेक, घाई न करता. मास्तरांनी मग तसाच आडवा धरून ठेवला.

मग ती निघाली. मिटल्या तोंडानं, भरल्या गालांनी, बार्बांच्या पट्ट्यांमधून सरळ, विझत्या सोन्यातून सरळ. आणि करवंटीच्या सावलीत ती थांबली तेव्हा विखुरलेले सगळे ठिपके हळूहळू, हळूहळू तिच्या पोटाखाली येत गेले.