माझ्यावर अंड्याचं चित्र होतं

मी एक निळं कार्ड बोलतोय. जे सांगणार आहे ते मान खाली घालूनच सांगायला हवं, पण मला मान नाही, म्हणून तेवढं तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म एका कचेरीत झाला. एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला अंडं, दुधाचा पेला नि गाजर यांची चित्रं. वाचता न येणाऱ्या बाईलाही मी कशासाठी आहे ते कळावं, म्हणून ती चित्रं. दर महिन्याला माझ्यात ठरावीक बिर, म्हणजे आमच्याकडचे पैसे, भरायचे आणि नेमून दिलेल्या दुकानांतूनच ताजं खाणं घ्यायचं. गरोदर बायका, ओल्या बाळंतिणी आणि दोन वर्षांखालची लेकरं, एवढ्यांसाठीच मी होतो. याचा मला फार तोरा होता.

मी वुबालेमच्या हाती आलो तेव्हा तिची मुलगी मास्तेवाल सहा महिन्यांची होती. नवरा शहरात बांधकामावर. घरात वुबालेम, लेक आणि सासू. सासूने वैधव्य आल्यावर संन्यास घेतला होता. डोक्यावर पिवळी टोपी, हातात काठी, पहाटे ख्रिस्ताच्या देवळात हजर. सगळं गाव तिला आदराने एमाहोय, म्हणजे संन्यासिनी माता, म्हणायचं.

पहिले चार महिने दृष्ट लागावी असे गेले. वुबालेम अंडं उकडून कुस्करायची, मास्तेवाल निम्मं गिळायची आणि निम्मं आजीच्या टोपीला फासायची. "अगं, ही टोपी देवाची आहे, तुझी नाही!" एमाहोय ओरडायची आणि पुन्हा टोपी तिच्यापुढे करायची.

मग आमच्या ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास आला. पंचावन्न दिवस. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. आदल्या दिवशी एमाहोयने घरातली सगळी भांडी राखेने घासली.

वुबालेमने घाबरत विचारलं, "आई, मास्तेवालचं अंडं कशात उकडू?"

"कशातच नाही."

"पण धर्मगुरू म्हणाले, लेकराला उपास नाही. अंगावर पाजणारीलाही नाही."

"लेकराला नाही गं, पण भांड्याला आहे ना! एकदा अंडं शिजलं की ते भांडं बाटलं. त्यातलं सगळ्यांच्या पोटात जाणार. आणि तू खाणार आहेस का अंडी, माझ्यादेखत?"

दुसरं भांडं घ्यायला वुबालेमच्या हातात पैसा नव्हता आणि मी भांडी देत नाही. तिनेही उपास धरला. इंजेरा, म्हणजे आंबोळीसारखी आंबट भाकरी, आणि हरभऱ्याच्या पिठाचा पिठल्यासारखा पातळ शिरो, तोही दुपार टळल्यावर. मास्तेवालला त्याच शिरोत इंजेरा बुडवून भरवायची.

मी मात्र रिकामा बसलो नाही, हीच तर माझी लाज. एतेनेश नावाच्या नेमलेल्या दुकानदारणीकडे वुबालेम मला नेई आणि कांदे, टोमॅटो, कोबी घेई. एतेनेशने अंडी ठेवणंच बंद केलं होतं. उपासात घेणार कोण? कांद्याने शिरो चविष्ट व्हायचा, देवळातून आलेली चार माणसं जेवून जायची, एमाहोयला आशीर्वाद मिळायचे. महिनाअखेर मी पूर्ण खर्च झालेलो असायचो. कचेरीत माझ्या नावापुढे 'उत्तम' असा शेरा पडला आणि मी फुशारलो. चुकून घेतलेला मान परत करायला तोंड लागतं, तेही मला नव्हतं.

चौथ्या आठवड्यात आरोग्यसेविका बांची आली. तिने मास्तेवालच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली. हिरव्यावरून खूण पिवळ्यावर आली होती, म्हणजे पोर रोडावली होती.

"कार्ड वापरतेस ना, वुबालेम?"

"वापरते ताई. हे बघा." वुबालेमने मला पुढे केलं. खोटं काहीच नव्हतं.

बांचीच्या पिशवीत रोडावलेल्या लेकरांना द्यायची शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं थोडीच उरली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाली, "तुझ्याकडे कार्ड आहे. पाकिटं कार्ड नसलेल्यांना देते." पोर काय खाते, हे तिने विचारलंच नाही. माझ्यामुळे विचारलं नाही. त्या दिवशी मी फाटलो असतो तर बरं झालं असतं.

दहा दिवसांनी एमाहोय मास्तेवालला पाठीशी बांधून देवळात निघाली. दारातच थांबली. हात मागे नेऊन चाचपलं. मग वळून वुबालेमला म्हणाली, "पोरी, बांधलीस ना हिला? वजनच लागत नाही."

वुबालेम रडायला लागली. "अंगावरचं दूधही आटलंय, आई."

एमाहोयने काठी टेकली, देवाच्या तसबिरीशेजारच्या डब्यातून मला काढलं आणि देवळाकडे न जाता बाजाराची वाट धरली.

भर बाजारात, मोठ्या उपासात, पिवळ्या टोपीतली संन्यासिनी म्हणाली, "एतेनेश, अंडी दे."

"एमाहोय! हळू बोला. कुणासाठी?"

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. "देवाने रजा दिली वाटतं!"

"माझ्या नातीसाठी," एमाहोय सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी तिला उपाशी ठेवलंय. हसून झालं असेल तर कुणाकडे अंडी आहेत ते सांगा."

हसणाऱ्यांपैकीच एकाने गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे झैनबा राहायची. ती मुसलमान, तिच्याकडे कोंबड्या होत्या आणि हा उपास तिचा नव्हता. एमाहोयने तिच्या दारात जाऊन मला पुढे केलं.

"हे माझ्याकडे चालत नाही, आजी. माझं दुकान नेमलेलं नाही." झैनबाने मला परत तिच्या मुठीत सरकवलं. आत जाऊन सहा अंडी, तांब्याभर दूध आणि एक पातेली घेऊन आली. "पातेली पण न्या. तुमची भांडी तुमच्या उपासाला राहू देत. पैशांचं मागाहून बघू."

नेमलेल्या दुकानात जे मिळालं नाही, ते माझ्याशी काही देणंघेणं नसलेल्या बाईने दिलं. मी मुठीत घाम पीत राहिलो. त्या संध्याकाळी वुबालेमनेही दूध घेतलं, एमाहोयने तिच्यासमोर बसून घ्यायला लावलं.

मास्तेवाल वाचली. पण चालायला उशीर लागला तिला, अजून भिंत धरते. ती योजना संपली. आता मी कणकेच्या परातीला चिकटलेलं पीठ खरवडायच्या कामी येतो. माझी भावंडं अजून कुठे कुठे असतील आणि कुणीतरी ती तुमच्यापुढे धरेल. तेव्हा काय करायचं, ते मी सांगणारा कोण? उपास सुटल्यावर बांची पुन्हा आली होती, त्या दिवशीचं तेवढं सांगतो.

तिने वही उघडली. "कार्ड वापरतेस ना?"

वुबालेमचा हात माझ्याकडे आला. एमाहोयने तो मध्येच धरला.

"कार्ड राहू दे तिकडे. पोरीने आज काय खाल्लं ते विचार की!"

बांची ओशाळली. "काय खाल्लं, एमाहोय?"

"एक अंडं आणि दूध. आणि उपासातले पहिले अडतीस दिवस तिला काय मिळालं नाही, तेही लिही. सुनेच्या नावावर नको. माझ्या नावावर लिही."