येरोचा जनाजा कुणी अडवला

पोलीस शिपाई आरी कचल्लाला त्या भोंग्याचा मनापासून कंटाळा आला होता. वर्ष उलटून गेलं, रोज सकाळी घाटावर उभं राहायचं, भोंगा तोंडाला लावायचा आणि पलीकडून निघालेल्या होडीवर ओरडायचं, "घाट बंद आहे, माघारी फिरा." अलीकडून कुणी होडी पाण्यात ढकलली तर त्याच्यावरही तेच. नदी तीच, माणसं तीच, होडीवाले तर त्याला नावानं ओळखणारे, आणि तरी ओरडायचं. "हुकूम सरकारचा आणि घसा माझा," असं तो फोनवर बायकोला सांगायचा, आणि तीही हसायची.

हे असं का झालं ते सांगायला हवं. नदीच्या अलीकडं आम्ही, म्हणजे नायजर, आणि पलीकडं बेनिन. पूर्वी दोघंही पश्चिम आफ्रिकेतल्या पंधरा देशांच्या संघात होतो. ओळखपत्र खिशात असलं की पंधरा घरांत कुठंही जा, अडवायचं नाही असा करार. मग आमच्याकडं लष्करानं सत्ता घेतली, संघ चिडला, आणि थोरल्या भावांनी धाकट्याचं पाणी तोडावं तसं आमचं सगळं तोडलं. रस्ते बंद, वीज बंद, औषधांच्या गाड्या पुलापलीकडं उभ्या. ते इथं कुणी विसरलेलं नाही, आणि का विसरावं? पुढं संघाचा राग निवळला, पलीकडच्यांनी दार उघडलं. पण तोवर आमचं डोकं फिरलेलं. शेजारच्या आणखी दोघांना घेऊन आम्ही संघ सोडला, वेगळी चूल मांडली, आणि आमच्या बाजूची कडी घातली ती घातलीच. त्या दिवशी गावोगाव झेंडे फडकले. आरीनंही फडकवला, खोटं कशाला बोला. वेगळं व्हायला त्याची ना नव्हती. पण चूल वेगळी झाली म्हणून अंगणसुद्धा ओलांडायचं नाही, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्यात आरी कानुरी जमातीचा. त्याचं गाव तिकडं पूर्वेला, चाड सरोवराच्या अंगाला, बसनं तीन दिवस. या नदीकाठी त्याचं नात्याचं माणूस औषधाला नव्हतं. होती ती एक इन्ना कुंबो. इन्ना म्हणजे आई, पण ही आई रोज सकाळी कोरलेल्या भोपळ्यात दही भरून, तो डोक्यावर घेऊन ठाण्यावर यायची आणि आल्या आल्या त्याला शिव्या घालायची.

"अजून जिवंत आहेस का रे गुलामा? मला वाटलं रात्री खाऊन खाऊन फुटलास."

"तू आधी दह्यातलं पाणी काढ म्हातारे," आरी म्हणायचा. "अर्धी नदी ओतलीस वाटतं. तुमच्या फुलान्यांच्या गाई दूध देतात की पाऊस पाडतात?"

याला भांडण समजू नका. आमच्याकडं कानुरी आणि फुलानी या दोन जमातींचं नातं थट्टेचं. का, ते विचारू नका, खापरपणजोबांपासून चालत आलंय. यानं त्याला गुलाम म्हणायचं, त्यानं याला. भर बाजारात वाट्टेल ते बोला, ताटातला घास उचला, राग धरायचा नाही. जो राग धरेल त्याची शोभा. हजार मैलांवरून आलेल्या आरीला या शिव्यांनीच त्या गावात घर दिलं होतं.

इन्ना कुंबोचा भाऊ येरो पलीकडच्या गावात राहायचा. घाट चालू होता तेव्हा दर रविवारी बाजाराला यायचा, एक कान तुटलेली टोपी घालून. उतरल्या उतरल्या आरीची काठी ओढून घ्यायचा आणि लोकांना सांगायचा, "बघा, माझ्या गुलामाला सरकारनं किती छान कपडे दिलेत." घाट बंद झाल्यावरही तो रविवारी पलीकडच्या काठावर यायचा. बहीण अलीकडं उभी राहायची. मध्ये एवढं पाणी, आवाज यायचा पण शब्द कळायचे नाहीत. दोघं नुसते हात हलवायचे, आणि आरी त्या वेळी मुद्दाम दुसरीकडं बघायचा.

त्या दिवशी इन्ना कुंबो आली ती दुपारी, आणि डोक्यावर भोपळा नव्हता. ठाण्याच्या दारात उभी राहिली. आरीनं तिला पाहिलं आणि नेहमीसारखं तोंड सोडलं, "काय ग, गाईंनी घराबाहेर काढलं का?"

ती हसली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "साहेब, माझा भाऊ गेला."

दोन वर्षांत तिनं त्याला साहेब म्हटलं नव्हतं. आरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं एखादी जबरी शिवी हासडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"कधी?"

"सकाळी. भाच्याचा फोन आला, सांबोचा. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर नेतायत." ती खाली बघत बोलत होती. "कबरीवर आम्ही बायका जात नाहीच, साहेब. मला तिथं राहायचंही नाही. फक्त तोंड बघू द्या. बघते आणि लगेच परत येते."

आरीनं ठाणेदार सेनींकडं पाहिलं. ते आत खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. झर्मा जमातीचा माणूस, पोटात माया पण कागदाला घाबरणारा. त्यांनी मान हलवली.

"बाई, वाईट झालं. पण मी सोडू शकत नाही. मागच्या महिन्यात वरच्या घाटावरच्या पोलिसानं लग्नाला जाणारी एक होडी सोडली, तर त्याची वर्दी उतरवली. इकडून तिकडं कुणी जायचं नाही, तिकडून इकडं कुणी यायचं नाही. हुकूम आहे."

"होय साहेब," ती म्हणाली आणि वळली. रडलीसुद्धा नाही. घाटाच्या पायरीवर जाऊन पलीकडं तोंड करून बसली.

थट्टेच्या नात्यात एक गोष्ट आहे, ती लहान पोरांनाही ठाऊक असते. समोरच्यानं थट्टा सोडून खरं काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. आणि इथं त्याच्या डोळ्यांदेखत नाही म्हटलं गेलं होतं, त्याच्याच ठाण्यात. आता ही म्हातारी उद्या येईल, दही देईल, साहेब म्हणेल आणि जाईल. हे त्याला सोसणारं नव्हतं.

पलीकडच्या काठावर माणसं जमताना दिसत होती. पांढरे अंगरखे, मध्ये येरोचं घर. सूर्य कलायला लागला होता.

मग आरीला एक आठवलं. फुलान्याच्या घरी कुणी गेलं आणि गावात एखादा कानुरी असला, तर जनाजा असाच उठत नाही. कानुरी वाटेत आडवा येतो. "हा माझा गुलाम. मला विचारल्याशिवाय हा मातीत जायचा नाही," म्हणतो. मयताची टिंगल करतो, रडणाऱ्यांना हसवतो, आणि त्याचा हक्क, विड्यासारखी चघळायची मूठभर कोलाफळं म्हणा, काही म्हणा, हातात पडला की मगच वाट सोडतो. त्याला कुणी ढकलत नाही, अगदी इमामसुद्धा. त्यानं 'जा' म्हटल्याशिवाय खांदेकरी पाऊल टाकत नाहीत.

त्यानं भोंगा उचलला, घाटाच्या शेवटच्या पायरीवर गेला आणि ओरडला, "ए फुलान्यांनो! जनाजा उचलू नका. मी आरी कचल्ला, कानुरी. तो येरो माझा गुलाम आहे."

पलीकडं गलका थांबला. इन्ना कुंबोनं मान वर केली.

"मला न विचारता मेला, एवढी हिंमत!" भोंगा खरखरत होता, पण आवाज पाण्यावरून नीट जात होता. "आणि तुमचा भरवसा काय? कफनात वासरू गुंडाळाल, पुराल, आणि येरो मागच्या दारानं पळून जाईल. माझी चाकरी चुकवायला तो काहीही करेल. मला माझा माणूस दाखवा. होडीत घाला आणि मधल्या धारेपर्यंत आणा. ओळख पटवल्याशिवाय मी सोडायचा नाही."

मग पलीकडून कुणीतरी हसलं, मग दोघं, मग रडता रडता हसतात तसला आवाज आला. घटकाभरानं आरीचा फोन वाजला. सांबो होता, आवाज बसलेला.

"आरीमामा, इमामसाहेब म्हणतात, कानुरीनं अडवलंय म्हणजे अडवलंय. आम्ही होडी काढतोय. पण मामा, लवकर. दिवस मावळायच्या आत न्यायचंय."

आरी ठाण्यात आला. सेनी दारातच उभे होते, हात कमरेवर.

"कचल्ला, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"साहेब, आपली गस्त कुठवर असते?"

"मधल्या धारेपर्यंत."

"आज दुपारची गस्त राहिलीय."

सेनींनी कमरेवरचे हात खाली घेतले.

"आणि साहेब, धारेवर एक इसम येतोय. त्याची ओळख पटवायची आहे. कागद काही त्याच्याजवळ नसणार. मग नियमाप्रमाणं ओळखणारं माणूस बरोबर न्यावं लागतं. जवळचं नातेवाईक असलं तर उत्तम."

सेनींनी नदीकडं पाहिलं, पायरीवरच्या म्हातारीकडं पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं.

"कानुरी आणि फुलान्यांच्या भांडणात पडायला मला काय वेड लागलंय?" ते म्हणाले. "जा. गस्त घाल. धार ओलांडलीस तर मात्र तुझी काही खैर नाही."

ठाण्याची होडी जिबो चालवायचा. सोरको कोळी तो, नदी त्याला घरासारखी ठाऊक. त्यानं इन्ना कुंबोला हात धरून आत घेतलं आणि वल्हं मारायला लागला. आरी आपली टोपी दोन्ही हातांत फिरवत बसला होता. भोंग्यातून बोललेलं त्याला आता आठवत होतं, आणि आपण जास्त तर नाही बोललो, असं वाटत होतं.

"वासरू," इन्ना कुंबो अचानक पुटपुटली. "वासरू म्हणाला मेला माझ्या भावाला." ती ओठ दाबून बसली होती. हसणं आवरत होती की रडणं, ते आरीला कळेना. पण तिनं त्याला मेला म्हटलं होतं, तेवढ्यानं त्याला जरा धीर आला.

मधल्या धारेवर दोन होड्या एकमेकींना लागल्या. जिबोनं दोर टाकला, पलीकडच्यानं बांधला. पलीकडच्या होडीत चार माणसं, सांबो, आणि चटईवर पांढऱ्या कापडात येरो. सांबोनं वाकून आत्याला सलाम केला आणि आरीच्या हातात कोलाफळांची पुरचुंडी दिली. मग तोंडावरचं कापड बाजूला केलं.

इन्ना कुंबो होडीच्या काठावर ओणवली. जिबोनं तिच्या कमरेला धरून ठेवलं, ती पाण्यात जाऊ नये म्हणून. तिनं भावाच्या गालावरून हात फिरवला, दाढी नीट केली. किती वेळ गेला कोण जाणे.

आता आरीनं बोलायला हवं होतं. नियमच तो. हेच तोंड का, हा तर जिवंतपणीही असाच पडलेला असायचा, असं काहीतरी. पण ते त्याला जमेना. शेवटी तो ठाण्यातल्या आवाजात म्हणाला, "इन्ना, ओळख पटली का? हाच का तो?"

"नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी चमकून पाहिलं.

"हा नाही माझा भाऊ. माझा भाऊ मला बघितलं की आधी शिवी द्यायचा." तिचा हात येरोच्या गालावरच होता. "हा बोलतच नाही. याला परत न्या. माझा येरो आणा."

ओळख पटल्याशिवाय सोडायचा नाही, हे भोंग्यातून त्यानंच सांगितलं होतं. आता म्हातारी नाही म्हणतेय म्हटल्यावर तो काय करणार? सांबो त्याच्याकडं बघत होता, खांदेकरी सूर्याकडं बघत होते. पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. दोर ताणला जात होता आणि दोन्ही होड्या बांधलेल्याच हळूहळू खाली वाहत होत्या. कुठली बाजू कुणाची, ते जिबोलाही सांगता आलं नसतं.

आरी तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण ठेवला नाही. तोही खाली बघत राहिला, येरोच्या तोंडाकडं. रविवार आठवले. पलीकडच्या काठावर हलणारा तो हात आठवला, आणि आपण दुसरीकडं बघायचो तेही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

इन्ना कुंबोनं त्याच्याकडं वळून पाहिलं.

"तू कशाला रडतोस रे गुलामा?" ती म्हणाली. "तू रडलास तर लोकांना वाटेल, हा खरंच मेला."

"वाटू दे," आरी म्हणाला.

मग तिनं येरोच्या तोंडावर कापड ओढलं. लहान मुलावर पांघरूण घालतात तसं दोन्ही बाजूंनी नीट खोचलं.

"हाच," ती म्हणाली. "पटली ओळख. सोड त्याला."

सांबोनं दोर सोडला, पण वल्हं कुणी उचललं नाही. सगळे आरीच्या तोंडाकडं बघत होते. तो शब्द त्यानंच द्यायचा होता. वर्षभर या नदीवर त्यानं किती जणांना माघारी फिरा म्हटलं असेल, त्याला मोजदाद नव्हती. वाट मोकळी करणारा शब्द या पाण्यावर त्याच्या तोंडून निघालाच नव्हता.

"जा, येरो," तो म्हणाला. "आता तुला कुणी अडवायचं नाही."