मावशीने वाचवलेली नायिका

चित्रपटाचं संकलन शेवटच्या प्रसंगापाशी अडलं होतं. लग्न झालेली एक बाई दुसऱ्याच्या प्रेमात पडते, घर सोडते, तो माणूस तिला सोडतो आणि ती नदीत उडी घेते, अशी गोष्ट. दिग्दर्शकाला, म्हणजे सगळे ज्याला 'दाढी' म्हणत त्याला, हा शेवट फार आवडला होता. संकलन करणाऱ्या पोरीला तो काही केल्या पटत नव्हता.

"सगळं गमावून ती जगेल कशी?" दाढीने विचारलं.

"माझी मावशी जगतेय की," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

घरात हा विषय कुणी काढत नसे. बावीस वर्षांपूर्वी मावशी नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा मागे ठेवून गाण्याच्या मास्तरांबरोबर निघून गेली होती. अकरा महिन्यांत मास्तरांना दुसरी शिष्या सापडली. नवऱ्याने दार उघडलं नाही, नातेवाइकांनी तोंड फिरवलं. मावशी एका लाँड्रीत इस्त्रीला लागली. आता ती लाँड्री तीच चालवत होती.

हे सगळं तिच्याकडून काढून घेतल्यावर दाढी हट्टाला पेटला: मावशींना सिनेमा दाखवायचाच. भाचीने भीत भीत फोन केला, तर मावशी म्हणाली, "गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं. येते."

ती आली आणि चुरगळलेल्या कपड्याकडे बघावं तशी पडद्याकडे बघत बसली.

"हा तिच्याकडे इतका वेळ बघतोय?" ती म्हणाली. "आमचे मास्तर बोलताना आरशात बघायचे. मग मीही आरशातच बघायचे, ते दिसावेत म्हणून."

दाढी खो खो हसला. पुढे प्रियकर मोठ्ठं भांडण करून निघून गेला.

"असं भांडले असते तर बरं झालं असतं. ते 'दूध घेऊन येतो' म्हणून गेले. मी दोन दिवस चहाला थांबले होते."

यावर कुणी हसलं नाही. मग पूल आला, नदी आली. मावशीने हातानेच थांब म्हणून सांगितलं.

"मीही गेले होते पुलावर. खोटं कशाला सांगू? पण उभं राहून राहून भूक लागली. अशा वेळी भूक लागते याचीच इतकी लाज वाटली की मी खाली उतरले. समोर लाँड्री होती, बाहेर पाटी: इस्त्रीला बाई हवी. मास्तरांच्या कपड्यांना इस्त्री करून माझा हात बसलेला होताच."

"मावशी, हे तू कधी सांगितलं नाहीस," भाची म्हणाली.

"कुणी विचारलंच नाही गं."

"पश्चात्ताप होतो?" दाढीने हळूच विचारलं.

"मास्तरांचा नाही. पोराचा होतो, रोज होतो. सात वर्षं बोलला नाही माझ्याशी. मग एक दिवस आला, काउंटरवर शर्ट टाकला आणि म्हणाला, 'कधी मिळेल?' म्हटलं, थांब, आत्ता देते. एका शर्टाला मी अर्धा तास लावला."

दाढीने नदीतली उडी काढून टाकली; आता नायिका भूक लागून पुलावरून खाली उतरते आणि लाँड्रीत इस्त्रीला लागते. नव्या शेवटाचं चित्रीकरण दोन दिवस चाललं आणि मावशीने नटीला इस्त्री शिकवली. "मनगट सैल सोड, बाळ. शर्टाने काय वाकडं केलंय तुझं?" नटीने तीन शर्ट जाळले आणि चौथा छान केला.

पहिल्या खेळाला मावशीबरोबर तिचा मुलगाही आला होता. गेली कित्येक वर्षं तो दर आठवड्याला लाँड्रीत येत असे, पण घरी वडील असल्यामुळे त्याने आईला कधी घरी बोलावलं नव्हतं. खेळ संपल्यावर दोघं बाहेर पडली.

"पुलाचं खरं?" त्याने विचारलं.

"खरं."

"जेवायला घरी चल."

"आणि तुझे बाबा? त्यांना चालेल?"

"विचारलं नाही. नाही म्हणाले तर आपण दोघं गॅलरीत बसून जेवू."

मावशी हसली. तिने पर्स खांद्यावर नीट घेतली, त्याला म्हणाली, "आधी तुझी कॉलर सरळ कर," आणि त्याच्या पुढे चालू लागली.